कॅमेऱ्यावर चालणारं कोळपं: वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात निंदणीच्या मजुरीवर लिहिताना सहज एक वाक्य टाकलं होतं की आता कॅमेरा लावलेली कोळपी, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण कापणारी अवजारं, आली आहेत, त्या एका वाक्यावर एवढे प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेक प्रश्न ठाणे, कळवा, ऐरोली, खारघर इकडचेच आहेत, म्हणजे राहायला इथे आणि जमीन गावाला, शनिवार-रविवारी एसटी नाहीतर गाडी काढून शेत बघून यायचं अशी मंडळी. माझंही तसंच आहे. आठवडाभर रबाळे एमआयडीसीत पॅकिंग लाइनवर कॅमेरे बसवते, बाटलीचं झाकण तिरकं बसलंय का, लेबल सरकलंय का ते कॅमेऱ्याने पकडायचं हे माझं काम, आणि सुट्टीला मुरबाडजवळ सासरची सव्वादोन एकर, पावसाळ्यात भात आणि नंतर भेंडी. त्यामुळे या विषयात दोन्ही बाजूंनी जीव गुंतलाय. सगळी पत्रं घेता येणार नाहीत, पाच घेतलीत.

प्रश्न: ताई, मी घोडबंदर रोडला राहतो, आयटीत आहे. सिन्नर तालुक्यात आमची सहा एकर, सोयाबीन आणि मका. शेती वडील बघतात. निंदायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर आठ-दहा दिवस उशिरा, तोवर तण पिकाच्या वर. मोबाईलवर एका परदेशी यंत्राचा व्हिडिओ बघितला, ट्रॅक्टर चांगला जोरात चाललाय आणि मागचं कोळपं आपलं आपण डावी-उजवीकडे सरकतंय, पिकाला धक्का नाही. पीक कुठलं आणि तण कुठलं हे त्याला कळतं कसं? आणि आपल्याला घेता येईल का?

उत्तर: दादा, खरं सांगायचं तर त्यातल्या बहुतेक यंत्रांना पीक कुठलं आणि तण कुठलं हे कळतच नाही, आणि कळायची गरजही नसते. त्यांना फक्त ओळ सापडते. हे एकदा नीट डोक्यात बसलं की घ्यायचं का नाही, घ्यायच्या आधी काय करायचं, सगळं आपोआप सुटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कोळप्याच्या फ्रेमवर माणसाच्या उंचीच्या आसपास कॅमेरा बसवलेला असतो, तो खाली-पुढे तिरका बघतो आणि एका फोटोत तीन, चार, पाच ओळी घेतो. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात. हिरव्याची दुप्पट करायची आणि त्यातून लाल आणि निळा वजा करायचा, एवढ्या साध्या गणिताने माती काळी पडते आणि पानं पांढरी उठून दिसतात, तण असो का पीक, दोन्ही पांढरी. मग काँप्युटर म्हणतो की मला माहितेय इथे ४५ सेंटीमीटरवर ओळी आहेत, तर अशा समांतर पट्ट्यांचा नकाशा या फोटोवर ठेवून बघतो, कुठे ठेवला की सगळ्यात जास्त पांढरं पट्ट्यांखाली येतं. जिथे जुळलं ती ओळ. तण सगळीकडे विखुरलेलं असतं, पीक मात्र ओळीत, त्यामुळे पट्ट्या पिकावरच जाऊन बसतात. एखाद्या ओळीत नांग्या पडलेल्या असल्या, म्हणजे मध्ये रोपंच नसली, तरी बाजूच्या ओळी सांगून देतात. मग हायड्रॉलिक सिलिंडर अख्खी फ्रेम तेवढी सरकवतो, आणि कॅमेरा पुढचं बघतोय, तण कापणारं पातं म्हणजे फास मागे आहे, म्हणून मधलं अंतर मोजायला जमिनीवर एक चाक फिरत असतं. ताशी ८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण सव्वादोन मीटर, कॅमेरा सेकंदाला ३० फोटो घेत असेल तर दोन फोटोंच्या मध्ये यंत्र जेमतेम साडेसात सेंटीमीटर पुढे जातं, एवढ्यात ओळ काय पळून जात नाही. इंग्लंडमध्ये सिल्सो इथल्या संशोधन संस्थेत १९९० च्या दशकात यावर काम झालं, त्यातूनच पुढे गारफोर्ड कंपनीचं रोबोक्रॉप आलं. नेदरलँडची स्टेकेटी पण याच वाटेने गेली, ती २०१८ मध्ये जर्मनीच्या लेमकेनने घेतली. म्हणजे तंत्र नवीन नाही, आपल्या मोबाईलवर आत्ता आलंय.

आता याचा फायदा नेमका किती ते बघा. वडील ट्रॅक्टरवर बसून नजरेने कोळपं चालवतात तेव्हा पीक कापायला नको म्हणून ओळीच्या दोन्ही बाजूला १२-१२ सेंटीमीटर सोडत असतील. ४५ मधले २४ गेले, कोळपलं गेलं २१, म्हणजे निम्म्याहून कमी रान. कॅमेरा असेल तर ५-५ सेंटीमीटर सोडून जाता येतं, १० गेले आणि ३५ सेंटीमीटर साफ झालं. बायांना निंदायला २४ चा पट्टा उरणार का १० चा, एवढाच काय तो फरक, पण मजुरीत हा फरक मोठा असतो. ओळीतलं तण, दोन रोपांच्या मधलं, ते तसंच राहतं. त्यासाठी रबरी बोटांची फिरती चाकं असतात, ती ओळीत बोटं घालून बारीक तण उपटतात, पण पीक घट्ट मुळावलेलं आणि तण दोन पानांवर असेल तेव्हाच, तण मोठं झालं की काही करत नाहीत.

आणि आता माझा मुद्दा, जो मी भेटेल त्याला सांगत असते. आमच्या लाइनवर बाटल्या वेड्यावाकड्या येत असतील तर कितीही भारीतला कॅमेरा लावा, चुकीच्याच बाटल्या बाहेर फेकतो. आधी बाटल्या वाहून नेणाऱ्या पट्ट्याची कड सरळ करावी लागते, मग कॅमेरा. शेतात पट्ट्याची कड म्हणजे पेरणी. तुम्ही सोयाबीन नऊ दाती यंत्राने पेरलं तर त्या नऊ ओळी एकमेकींना समांतर असतात कारण दाते एकाच लोखंडाला बसवलेत, पण पहिल्या फेरीची नववी ओळ आणि दुसऱ्या फेरीची पहिली ओळ यांच्यातलं अंतर ड्रायव्हरच्या हातात असतं, ते कधी ३८ होतं, कधी ५५. कोळपं जर पाच ओळींचं असेल तर कुठेतरी ते या जोडावर बसणार, कॅमेरा चार ओळी बघून फ्रेम बरोबर ठेवणार आणि पाचव्या ओळीवरून फास फिरवणार. यंत्राची चूक नाही त्यात. म्हणून जितक्या दात्यांनी पेरलं तितक्याच ओळींचं कोळपं, आणि जिथून पेरायला सुरुवात केली तिथूनच कोळपायला. युरोपात हे इतकं अंगवळणी आहे की पेरणी यंत्र आणि कोळपं जोडीनेच घेतात.

घेता येईल का, तर सहा एकरासाठी नाही. बाहेरून आणलं तर एकट्या कोळप्यालाच ट्रॅक्टरच्या वर पैसे जातील, आणि बिघडलं तर सेन्सर यायला सीझन संपेल. त्यापेक्षा पुढच्या खरिपाला बीबीएफने, म्हणजे रुंद वरंबा-सरीवर पेरा. वरंब्यावर चार ओळी, दोन्हीकडे सरी, ट्रॅक्टरची चाकं सरीत. कोळपताना चाक त्याच सरीत चालतं आणि कोळपं आपोआप ओळींवर येतं, म्हणजे कॅमेऱ्याचं निम्मं काम सरी फुकट करते, शिवाय जास्त पाऊस झाला की पाणी सरीतून निघून जातं. पॉवर वीडर किंवा कोळप्यासाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करून ठेवा. आणि पहिली कोळपणी १५ ते २० दिवसांनी, दुसरी ३०-३५ दिवसांच्या आसपास, ही तारीख चुकवू नका. सोयाबीनला पहिले ४०-४५ दिवसच तणाचा खरा मार बसतो, त्यानंतर पीक स्वतः रान झाकतं.

एक अडचण मात्र कॅमेऱ्यानेही सुटत नाही. काळ्या रानात झडी लागली की आठ-दहा दिवस वाफसाच येत नाही, म्हणजे माती काम करण्याइतकी सुकत नाही, ट्रॅक्टर आत जात नाही, तण मात्र वाढतच असतं. व्हिडिओतली रानं कोरडी असतात हे लक्षात ठेवून व्हिडिओ बघा.

प्रश्न: खारघरहून लिहितो. आमच्याकडे जुन्नरला रब्बी कांदा असतो. कांद्यात चालेल का?

उत्तर: आत्ता लावता तसा असेल तर नाही. सपाट वाफ्यात बाया हाताने रोपं टोचत जातात, अंतर साधारण १५ बाय १० सेंटीमीटर, पण ती ओळ नसते, डोळ्याला ओळ वाटते इतकंच. मध्ये फास घालायला जागा नाही, आणि कांद्याची पात एवढी बारीक की वरून फोटोत हिरवं फार कमी येतं, त्या मानाने बाजूचा माठ नाहीतर घोळ ठसठशीत दिसतो, म्हणजे यंत्राला तणाचीच ओळ सापडायची. गादीवाफ्यावर यंत्राने सरळ ओळीत लावलात, चाकाला जागा सोडलीत, तर पुढचं बोलता येईल. तोवर खुरपं.

प्रश्न: ताई नमस्कार, मी ऐरोलीत राहते, शहापूरला माहेरची दोन एकर भेंडी असते, भाऊ बघतो. तुम्हीही भेंडी करता असं वाचलं. तुम्ही स्वतः कॅमेरा लावून बघितलाय का? आणि भाऊ म्हणतो की ड्रोनने तणनाशक मारू, ड्रोनलाही कॅमेरा असतोच.

उत्तर: बघितलाय, ताई, दोन वर्षांपूर्वी. हाताने ढकलायच्या सायकल कोळप्याच्या दांड्याला पीव्हीसी पाइपाचा तुकडा बांधला, त्याच्या टोकाला जुना मोबाईल, तोंड खाली. ओळी ६० सेंटीमीटरवर, मजूर लावून नाही तर आम्हीच दोरी धरून टोकलेल्या, त्यामुळे बऱ्यापैकी सरळ. पंधराव्या दिवशी सकाळी नऊला व्हिडिओ घेतला आणि घरी येऊन तेच वर सांगितलेलं गणित लावलं, तर काय सुंदर ओळ निघाली, तांबूस मातीवर दोन पांढऱ्या माळा. मी खूश. संध्याकाळी चारला परत घेतला होता, तो लावला तर गोंधळ, कारण बांधावर आंब्याचं झाड आहे आणि त्याच्या पानांची ठिपक्या-ठिपक्यांची सावली अर्ध्या रानावर, सावलीतली पानं इतकी काळपट की माती आणि पान एकच. विकतच्या यंत्रांवर यासाठी वरून झाकण आणि आत एलईडी दिवे देतात, ते उगाच नसतात, म्हणूनच ती रात्रीही चालतात. आणि पस्तिसाव्या दिवशी घेतलेल्या व्हिडिओत ओळच नाही, सगळं पांढरं, मधली निंदणी लांबली होती आणि घोळ अशी पसरली होती की माती दिसतच नव्हती. म्हणजे ज्या रानात तणाचा सगळ्यात जास्त त्रास तिथेच कॅमेरा आंधळा. लवकर जायचं, माती दिसतेय तोवर जायचं.

त्याच व्हिडिओत एक गोष्ट दिसली जी मला आधी डोळ्यानेही कधी जाणवली नव्हती. ओळीच्या जरा बाजूला एक रोप होतं, गोलसर पान, कडेला किंचित दातेरी, मी भेंडी म्हणून मोजलं. पुढच्या आठवड्यात सासूबाईंनी उपटून हातात दिलं, पेटारी होती. भेंडी आणि पेटारी एकाच कुळातली, लहानपणी पानं इतकी सारखी की आमच्या सासूबाई पान बघून नाही तर हात लावून ओळखतात, पेटारीचं पान मऊ लव असलेलं, भेंडीचं खरबरीत. कॅमेऱ्याला हात नसतो. पान बघून ओळखणारी जी नवी यंत्रं आहेत, त्यांना हजारो फोटो दाखवून शिकवतात, पण ते फोटो कुठल्या देशातले, कुठल्या रानातले, हे विचारलंच पाहिजे. आपला केना, आपली पेटारी, आपलं कुरडू त्यात नसेल तर ते यंत्र आपल्या रानात नवखंच.

ड्रोनचं भावाला सांगा की थांब. फवारणीच्या साध्या ड्रोनचा कॅमेरा उडवणाऱ्याला दिसावं म्हणून असतो, तण बघून नोझल उघड-बंद करायला नसतो, तो सरसकटच मारणार. उभ्या भेंडीवर सरसकट चालणारं तणनाशक मारलं तर भेंडीच जाईल, आणि वाऱ्याने शेजाऱ्याच्या काकडीवर गेलं तर भांडण वेगळं. ग्लायफोसेट या तणनाशकाचा विचार करत असेल तर ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने ते फक्त परवानाधारक कीड नियंत्रण ऑपरेटरनेच वापरायचं असा आदेश काढला होता. आणि ही तोडून रोज बाजारात जाणारी भाजी आहे, आपणच उद्या वाशीच्या मार्केटमधून ती खाणार. दोन एकराला सायकल कोळपं आणि वेळेवर दोन हात पुरतात, मी अजून तेच करते.

प्रश्न: कल्याणहून. लेझरने तण जाळणारं यंत्र खरं आहे का? आणि फक्त तणावरच औषध मारणारं?

उत्तर: दोन्ही खरी आहेत. लेझरवालं अमेरिकेत सिअॅटलच्या कार्बन रोबोटिक्सचं, २०२२ मध्ये ट्रॅक्टरमागे ओढायचं जे मॉडेल आलं त्यात १५० वॅटचे ३० कार्बन डायऑक्साइड लेझर होते. कॅमेरा रोप ओळखतो आणि लेझर तणाच्या वाढीच्या टोकावर क्षणभर धरतो, टोक भाजलं की तण मेलं. माती उलटत नाही म्हणून खालचं नवीन बी वर येत नाही, हे मला फार आवडलं. पण ते कॅलिफोर्नियातल्या सॅलडच्या आणि गाजराच्या मोठमोठ्या रानांचं यंत्र आहे, आणि तण अगदी बारीक असतानाच. आपल्या लव्हाळ्यावर काय होणार, वरचं जळेल आणि खाली गाठ तशीच, पुन्हा कोंब. हरळीचंही तेच, तिला तर कोळप्याने तोडली की प्रत्येक तुकडा नवीन रोप होतो. लव्हाळा-हरळीच्या रानात कॅमेरा, लेझर काहीच आधी नाही, उन्हाळ्यात खोल नांगरट करून गाठी आणि काश्या, म्हणजे हरळीची जमिनीखालची खोडं, वेचून उन्हात वाळवायच्या, दोन-तीन वर्षं सलग.

फवारणीचं म्हणाल तर त्यात दोन प्रकार. जुना प्रकार मोकळ्या रानातला, पेरणीआधी मातीवर जे हिरवं दिसेल त्याच्यावर मार, तिथे फक्त हिरवं ओळखायचं. दुसरा उभ्या पिकातला, हिरव्यातून हिरवं वेगळं करायचं, तो कठीण. ब्लू रिव्हर नावाची अमेरिकन कंपनी २०११ मध्ये सुरू झाली, लेट्यूसची विरळणी करणाऱ्या यंत्रापासून, तिला जॉन डिअरने २०१७ मध्ये ३० कोटी ५० लाख डॉलरला घेतलं आणि २०२२ मध्ये मका, सोयाबीन, कापसाच्या उभ्या पिकात चालणारं यंत्र आणलं, १२० फुटी बूमवर, म्हणजे फवारणीच्या आडव्या दांड्यावर, ३६ कॅमेरे. १२० फूट म्हणजे आपल्याकडे कित्येकांच्या अख्ख्या शेताची रुंदी. आपल्याकडे बंगळुरूची निको रोबोटिक्स, जिचं आधीचं नाव टार्टनसेन्स, ती ठिपक्या-ठिपक्याने फवारणी करणारं यंत्र बनवते, लहान रानाचा विचार करून. मला विचाराल तर आशा तिकडून आहे, कारण आपल्याकडचं तण त्यांनी आपल्याच रानात बघितलेलं असणार.

प्रश्न: मॅडम, मी ठाण्यात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, मामाचं शेत मुरबाडला आहे. प्रोजेक्ट म्हणून तण काढणारा रोबो करावा म्हणतो. बजेट १५ हजार. कसं सुरू करू?

उत्तर: बाळा, रोबो करू नकोस. चार महिन्यांत मोटर, बॅटरी आणि चिखल यातच अडकशील आणि कॅमेऱ्यापर्यंत पोहोचणारच नाहीस. त्याऐवजी फक्त ओळ शोधून दाखव. एक रास्पबेरी पाय म्हणजे छोटा काँप्युटर, एक यूएसबी कॅमेरा, एक पॉवर बँक, आणि मामाच्या सायकल कोळप्याला घट्ट आवळायला दोन क्लॅम्प. हँडलवर दोन छोटे दिवे लाव, ओळ डावीकडे सरकली की डावा, उजवीकडे सरकली की उजवा. कोळपं माणूसच ढकलणार, दिवा बघून वळवणार. हे बजेटमध्ये बसतं, आणि मामांना दुसऱ्याच दिवशी वापरता येतं.

भातात नको, चिखलणीच्या पाण्यात आभाळ दिसतं आणि कॅमेऱ्याला माती-पान काही कळत नाही. पावसाळ्यानंतरची भेंडी नाहीतर मका धर. एकाच शेताचे फोटो घेऊन खूश होऊ नकोस, सकाळ, भर दुपार, संध्याकाळ, ढगाळ, पाणी दिल्यावर ओली काळी माती, पाच दिवसांनी तीच माती वाळून फिकी झालेली, सगळे घे. दहावा, पंधरावा, विसावा, पंचविसावा दिवस असे घे म्हणजे कुठल्या दिवसापासून कॅमेरा चुकायला लागतो ते कळेल, परीक्षकांना दाखवायला तोच सगळ्यात चांगला आलेख. पीक पाण्याने पिवळं पडलं असेल तर तेही घे, पिवळ्या पानावर हिरव्याचं गणित हमखास घसरतं. कॅमेऱ्याची उंची आणि तिरकेपणा वहीत लिही आणि नंतर हलवू नकोस. काचेवर धूळ बसते, दर चार ओळींनी सुती फडक्याने पूस, आमच्या भेंडीत मी एकदा अर्धा तास घेतलेला व्हिडिओ नुसता धुरकट निघाला होता.

आणि प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी ओळीच्या मधोमध जमिनीवर एक स्टीलची पट्टी ठेवून पहिला फोटो काढ, नाहीतर घरी आल्यावर किती ठिपके म्हणजे किती सेंटीमीटर ते कळणार नाही आणि परत मुरबाडला जावं लागेल.